हिशेबखात्यातील नादशोधक

गोंदियाकडच्या शाळांच्या सहली नागपूरला गेल्या म्हणजे गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्रात एक फेरी बहुधा ठरलेलीच असते. 1992 मध्ये सुरू झालेल्या ह्या केंद्राच्या पाटीवरील नाव मुलांना पाठ असते. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन, 1930 चे नोबेल पारितोषिक आणि प्रकाशाचे विकिरण एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की रामन यांचे चरित्र संपले असे शिक्षकही मानतात. परंतु ज्यांच्या नावाची ही पाटी आहे त्यांचा नागपूरशी संबंध पाटीपुरता नव्हता. 1910 साली चंद्रशेखर वेंकट रामन हे हिंदुस्थान सरकारच्या वित्तखात्यातील एक तरुण अधिकारी म्हणून मध्यप्रांताच्या ह्या राजधानीत नोकरीला होते. वयाची बाविशी उलटायची होती. दिवसा सरकारी जमाखर्च तपासायचा आणि उरलेल्या वेळी राहत्या घरातच मांडलेल्या उपकरणांवर प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढच्याच वर्षी त्यांची बदली कलकत्त्याला झाली. नागपूरहून कलकत्त्याला जाणारा बंगाल नागपूर रेल्वेचा मार्ग तेव्हाही गोंदियावरूनच जात असे आणि गोंदिया हे त्या वेळी भंडारा जिल्ह्यातील एक जंक्शनचे गाव होते.

ह्या हिशेबनिसाची आठवण आज काढावयाची ती प्रकाशाच्या शोधासाठी नव्हे. तो इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. संशोधक आयुष्याची पहिली पंधरा वर्षे रामन ज्या प्रश्नाच्या मागे होते तो प्रश्न आवाजाचा होता. एखाद्या नादाबरोबर जे वरचे उपस्वर उमटतात ते मूळ स्वराशी जुळतात केव्हा आणि बिघडतात केव्हा, हा तो प्रश्न. आज आपल्या खिशातील दूरध्वनीपासून झाडीपट्टीच्या मंडपातील ध्वनिक्षेपक यंत्रणेपर्यंत सर्वत्र आवाजाचे अंकांत आणि अंकांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारे जे अंकीय परिवर्तक बसलेले असतात, त्यांच्या निर्मात्यांची डोकेदुखीही नेमकी हीच आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या रकमेतून काय विकत मिळेल आणि काय मिळणार नाही, ह्याचा विचार करताना रामन यांच्या आयुष्यातील अल्पपरिचित पर्व पाहणे उपयोगाचे ठरेल.

रामन यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1888 रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील चंद्रशेखर अय्यर गणित व पदार्थविज्ञानाचे अध्यापक. पुढे विशाखापट्टणच्या महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि मुलाचे बालपण तेथेच गेले. घरात पुस्तके होती आणि वडिलांचे व्हायोलिनही होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून 1904 साली बी. ए. आणि 1907 साली एम. ए. ह्या दोन्ही परीक्षा त्यांनी पहिल्या क्रमांकाने पार केल्या. एम. ए. होण्यापूर्वीच, 1906 मध्ये, लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगेझीन ह्या नियतकालिकात त्यांचा पहिला निबंध छापून आला होता. विलायतेला पाठवण्याचा विचार झाला तेव्हा वैद्यकीय तपासनिसाने तेथील हवा ह्या किरकोळ प्रकृतीच्या मुलास मानवणार नाही असा निर्वाळा दिला. मग त्या काळी हुशार हिंदी तरुणासमोर जो एक प्रतिष्ठेचा मार्ग उरे तो त्यांनी धरला. वित्तखात्याच्या स्पर्धा परीक्षेत ते पहिले आले आणि 1907 च्या मध्यास कलकत्त्यात सहायक महालेखापाल म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वीणा वाजवीत.

कलकत्त्यात ट्रामने कचेरीला जाताना बहूबाजार रस्त्यावरील 210 क्रमांकाच्या इमारतीवर त्यांना एक पाटी दिसली. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये लोकवर्गणीतून स्थापन केलेली ती विज्ञानसंवर्धक संस्था होती. इमारत होती, उपकरणे होती, व्याख्यानगृह होते. उणीव होती ती रात्रंदिवस काम करणाऱ्या संशोधकाची. पहाटे उठून प्रयोगशाळेत जावे, पावणेदहाच्या सुमारास घरी येऊन कसेबसे जेवून कचेरी गाठावी, पाच वाजता कचेरीतून थेट पुन्हा प्रयोगशाळेत जावे आणि रात्री साडेनऊ-दहाला घरी परतावे; रविवार तर पूर्ण तेथेच घालवावा, असा त्यांचा दशवार्षिक दिनक्रम होता. आशुतोष डे नावाचा एक साहाय्यक त्यांना लाभला. त्याने विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. परंतु रामन यांच्या सोबतीने त्याचे नाव निबंधांवर छापले जाऊ लागले. अधूनमधून रंगूनची (1909) आणि नागपूरची (1910) बदली आली. त्यामुळे काम मंदावले, खंडित झाले नाही.

ह्या काळात प्रकाशाच्या जोडीने त्यांनी हाती घेतले ते तारांचे व वाद्यांचे विज्ञान. ह्याचे एक कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास चटकन पटावे. युरोपातील प्रयोगशाळांत त्या वेळी किरणोत्सर्ग आणि अणुरचना ह्यांचे काम चालू होते. त्यासाठी लागणारी साधने कलकत्त्याच्या संस्थेला परवडणारी नव्हती. तार, गज, लाकूड, चामडे, बारीक वाळू आणि एक छायाचित्रण यंत्र एवढ्यावर जे मोजता येईल त्यातच गरीब देशाच्या संशोधकाला तुलनात्मक लाभ होता. शिवाय येथील वाद्ये युरोपातील शास्त्रज्ञांच्या हाताशी नव्हती. हे सारे रामन यांनी हिशेब मांडून ठरवले असे म्हणण्याचे कारण नाही. कान आणि कुतूहल ह्यांनीच ते ठरवले असावे. परंतु निवड अचूक ठरली. गजाने वाजवलेल्या तारेच्या कंपनांवरील त्यांचा विस्तृत निबंध 1918 मध्ये संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. व्हायोलिनवर एखादाच सूर लांडग्यासारखा गुरगुरतो त्याची मीमांसा त्यांनी त्याआधीच केली होती. यंत्राने गज फिरवून वाजवण्याचे व्हायोलिनही त्यांनी बनवले. त्यामुळे गजाचा दाब व वेग मोजूनमापून बदलता येऊ लागला.

दरम्यान 1917 मध्ये त्यांनी आयुष्यातील सर्वांत महाग निर्णय घेतला. सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठात विज्ञान महाविद्यालय उभारले होते आणि तारकनाथ पालित यांच्या देणगीतून पदार्थविज्ञानाचे अध्यासन निर्माण झाले होते. ते रामन यांना देऊ करण्यात आले. विलायतेत शिकून येण्याची अट त्यांनी मान्य केली नाही. अट बाजूला ठेवण्यात आली. वेतन मात्र सरकारी पगाराच्या जवळपास निम्म्यावर येणार होते. ज्या खात्यात बढतीची पायरी न् पायरी ठरलेली, निवृत्तिवेतन निश्चित आणि मानमरातब मोठा, ते खाते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सोडून देण्यात पाठ्यपुस्तकी भाषेत ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात तो किती मोठा होता, हे लेखाखात्यातील माणसाला सांगावे लागत नाही. हिंदी समाजात ह्या निर्णयाला वेडेपणा म्हणणारेच अधिक निघाले असते. आजही निघतील.

1920 साली रामन आणि शिवकाली कुमार यांचे एक लहानसे टिपण नेचर ह्या साप्ताहिकात आले. विषय होता मृदंग व तबला. ते टिपण आपल्याकडील प्रत्येक भजनी मंडळाने वाचावे अशा योग्यतेचे आहे. तार छेडली असता मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकी पटींत उपस्वर निघतात. म्हणूनच तंबोऱ्याच्या खर्जात पंचम व गंधार आपोआप ऐकू येतात. ताणलेल्या गोल चामड्याचे तसे नाही. साध्या एकसारख्या कातड्यावर थाप मारली तर वरचे नाद मुळाच्या 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट, 2.65 पट, 2.92 पट अशा आडवळणी प्रमाणांत निघतात. ते एकमेकांशी भांडतात आणि कानाला नुसता धमाका ऐकू येतो, सूर सापडत नाही. जगातील बहुतेक ढोल ह्याच कारणाने तालाचे साधन राहिले, सुराचे झाले नाहीत.

आपल्या तबल्याच्या पुडीवर मात्र मध्यभागी शाईचे थर चढवलेले असतात. लोहकीस व खळ ह्यांचा लेप पातळ थरांनी देत, प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटत, कारागीर ती शाई बसवतो. कडेला चाटेचे दुसरे कातडे असते. पुडीवर बारीक वाळू भुरभुरून रामन यांनी ती वेगवेगळ्या ठिकाणी वाजवून पाहिली. कंप न पावणाऱ्या रेषांवर वाळू गोळा होते आणि प्रत्येक नादाची आकृती डोळ्यांना दिसते. त्यातून जे निष्पन्न झाले ते विस्मयकारक होते. शाईच्या वजनामुळे कातड्याच्या पहिल्या नऊ कंपनप्रकारांचे पाच गट पडतात. पहिला व दुसरा एकटेच, तिसऱ्यात दोन प्रकार एकवटलेले, चौथ्यात दोन आणि पाचव्यात तीन. आणि हे पाच गट एक, दोन, तीन, चार, पाच ह्याच पूर्णांकी प्रमाणात येतात. जे नाद भांडत होते ते एका पंक्तीत बसले. त्यावरचे, न जुळणारे नाद चाट दाबून टाकते. चामडे तारेसारखे बोलू लागते. नागपूर, पंढरपूर वा मिरजेच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या पुड्या भरणाऱ्या अनाम कारागिरांनी निव्वळ कानाच्या भरवशावर स्वरविकृती घालवण्याचे एक कठीण गणित सोडवून ठेवले होते, हे जगाला सांगणारा पहिला वैज्ञानिक हा भूतपूर्व हिशेबनीस होता. 1934 मध्ये त्यांनी ह्याच विषयावर पुन्हा विस्ताराने लिहिले.

तंबोऱ्याच्या बाबतीत त्यांना उलटाच चमत्कार दिसला. तार ज्या बिंदूपाशी छेडावी तेथे ज्या उपस्वराची कंपशून्य जागा असेल तो उपस्वर त्या नादात असताच कामा नये, असा युरोपातील नादशास्त्राचा मान्य नियम होता. तंबोऱ्यात व वीणेत तो नियम मोडतो, असे 1921 च्या निबंधात रामन यांनी दाखवले. कारण तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. तिचा माथा रुंद व किंचित बाकदार असतो. तार प्रत्येक हेलकाव्यात त्या माथ्याला टेकते आणि सुटते, तिची लांबी क्षणोक्षणी बदलते, आणि जे उपस्वर मुळात नव्हते ते नव्याने जन्मतात. जवारीचा दोरा सरकवून गवई जो मुलायम झंकार शोधतो तो हाच. अभियंत्याच्या भाषेत ही शुद्ध विकृतीच होय. परंतु ती पूर्णांकी पटींतील विकृती आहे आणि तिच्यावर गवयाच्या बोटाचा ताबा आहे. म्हणून तिला आपण सौंदर्य म्हणतो.

येथे अंकीय परिवर्तकाकडे वळले पाहिजे. ध्वनिग्राहकातून येणारा विद्युद्दाब नदीसारखा अखंड बदलत असतो. परिवर्तक तो ठरावीक अंतराने मोजतो आणि प्रत्येक मापाला एक पूर्णांक देतो. 1982 पासून बाजारात आलेल्या संगीताच्या तबकडीवर सेकंदाला 44,100 मापे असतात आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेले असते. हे मोजमाप धानाच्या आडतीतील तराजूसारखेच चालते. एक, दोन, चार, आठ, सोळा अशी दुपटीची वजने असली की कोणतेही पूर्ण माप जुळवता येते. परंतु आठाचे वजन जरासे हलके निघाले तर सातावरून आठावर जाताना पायरी आखूड पडते आणि जेथे जेथे आठाचे वजन तराजूत येते तेथे तेथे तीच चूक पुन्हा येते. सोळा दुपटींच्या तराजूत सर्वांत मोठे वजन हजारात एका भागाइतके जरी चुकले तरी ती चूक अनेक लहान पायऱ्यांएवढी मोठी होते. ज्या जिन्याच्या पायऱ्या अशा असमान असतात त्यावरून चढउतार करणारा शुद्ध स्वर वाकतो, आणि त्यात दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे नको असलेले सोबती मिसळतात.

ते सोबती पूर्णांकी पटींतच राहिले असते तर कानाने कदाचित ते तंबोऱ्याच्या झंकारासारखे पचवलेही असते. पण मोजणीच्या निम्म्या दरापलीकडे जे जाते ते परत मुडपून खाली येते. सेकंदाला दहा हजार कंपनांच्या स्वराचा तिप्पट उपस्वर तीस हजारांवर असावा. परिवर्तकाच्या आतच तो जन्मला तर 44,100 च्या मोजणीत तो 14,100 वर प्रकट होतो. मूळ स्वराशी त्याचे कसलेही साधे प्रमाण उरत नाही. शाई नसलेल्या कोऱ्या कातड्याचे भांडण यंत्रात पुन्हा सुरू होते.

ह्यावर जे उपाय निघाले त्यांत हिशेबतपासनिसाला ओळखीचे पुष्कळ सापडेल. एक उपाय सरळ आहे: वजने पुन्हा पुन्हा प्रमाणित करा, परिवर्तक स्वतःच्या चुका मोजून त्यांची वजाबाकी स्मृतीत ठेवतो. दुसरा अधिक चतुर. सारख्या मापाची अनेक वजने ठेवून दर वेळी वेगवेगळी निवडावीत, म्हणजे कोणत्याही एका वजनाचा खोट एका बाजूला साचत नाही. तिसरा उपाय प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. मोजण्यापूर्वी स्वरात मुद्दाम अगदी बारीक, बेशिस्त खरखर मिसळायची. जमाखर्चात पैसे पूर्ण रुपयांत मांडताना प्रत्येक वेळी खालीच मोडले तर वर्षाअखेर तूट साचते; कधी वर, कधी खाली असे यदृच्छेने मोडले तर चुका एकमेकींना खातात. कानाचेही तसेच आहे. सुरात बसलेली लहान चूक त्याला टोचते, विखुरलेली खरखर तो सोडून देतो. चौथा उपाय 1962 मध्ये तोकियोतील इनोसे, यासुदा व मुराकामी यांनी मांडला. दुपटीच्या वजनांचा खटाटोपच टाळा. एकच वजन घ्या, फार जलद मोजा आणि प्रत्येक मापातील चूक पुढच्या मापात परत घालत चला. एकच वजन असल्यावर विषम वजनांचा प्रश्नच निघत नाही. आजच्या ध्वनिमुद्रणातील बहुतेक परिवर्तक ह्याच घराण्यातले आहेत.

रामन हे अंकीय ध्वनी घरोघर पोचण्याआधी गेले. परिवर्तकाशी त्यांचा संबंध जोडणे म्हणजे ओढूनताणून केलेले माहात्म्यवर्णन होईल. परंतु नको असलेल्या उपस्वराकडे पाहण्याची जी दृष्टी वाद्यांनी त्यांना दिली तिचा उपयोग त्यांना स्वतःला झाला, आणि तो फार मोठा झाला.

1921 मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेहून परतताना नार्कुंडा बोटीवरून भूमध्य समुद्राची निळाई त्यांनी पाहिली. ती निळाई आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाची आहे, हे सांगणारे पत्र त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच नेचरसाठी लिहिले. कलकत्त्यात त्यांनी विद्यार्थ्यांना ह्याच कामास लावले. 1923 मध्ये के. आर. रामनाथन यांना एक क्षुल्लक त्रास जाणवला. पाण्यातून एका रंगाचा प्रकाश सोडला असता विखुरलेल्या प्रकाशात दुसऱ्या रंगाची अगदी अंधुक छटा मिसळलेली दिसे. द्रवात काहीतरी मळ असेल म्हणून तो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करण्यात आला. छटा गेली नाही. मोजमापात दोष असेल तर तो शुद्धीकरणाने कमी व्हावयास हवा. हा होत नव्हता. पाच वर्षे ही किरकिर प्रयोगवहीत पडून होती. के. एस. कृष्णन यांनी ती पाहिली, व्यंकटेश्वरन यांनी ग्लिसरीनमध्ये पाहिली. अखेर 28 फेब्रुवारी 1928 रोजी तिचा उलगडा झाला. रेणू स्वतः कंप पावतात आणि त्यांच्या कंपनसंख्येची बेरीज वा वजाबाकी होऊन मूळ प्रकाशाशेजारी नव्या रेषा उमटतात. जी विकृती घालवण्याचा यत्न चालला होता तो रेणूचाच आवाज होता. त्याच सुमारास रशियात लांड्सबेर्ग व मांडेलश्ताम यांना स्फटिकात हाच परिणाम दिसला. पण रामन यांचे टिपण आधी छापले गेले. पुढचे सर्वश्रुत आहे: 1929 मध्ये सर ही पदवी, 1930 मध्ये नोबेल.

उपकरणाचा दोष कोणता आणि निसर्गाचे म्हणणे कोणते, हे ओळखण्याचा विवेक यंत्राबरोबर खोक्यात येत नाही. 76,000 कोटींच्या योजनेतील मोठा वाटा कारखान्यांच्या भांडवली खर्चाचा भार उचलण्यासाठी आहे. आराखडे बनवणाऱ्यांसाठीच्या उपयोजनेस सुमारे 1,000 कोटी ठेवले आहेत. कारखाने हवेत ह्याबद्दल वाद नाही. परंतु परिवर्तकासारख्या गोष्टीत किंमत वाळूची नसते, भट्टीचीही थोडीच असते. ती त्या पायऱ्या का वाकतात हे वर्षानुवर्षे मोजत बसलेल्या माणसांची असते. अशी माणसे जेथून निघायची त्या जिल्हा ठिकाणच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाच्या जागा तासिका तत्त्वावर भरल्या जातात आणि कंपनदर्शक यंत्र कपाटात कुलूपबंद राहते. भंडारा-गोंदियाच्या गावांत दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की दंडारीची ढोलकी रात्रभर वाजते. तिचे शाईचे तोंड आणि मसाल्याचे तोंड ह्यांवर एक चांगला प्रबंध येथल्याच एखाद्या विद्यार्थ्याने लिहावा, त्याला वाळूची चिमूट आणि एक साधा संगणक पुरेल. तसा विषय सुचवणारा शिक्षक मात्र टिकून राहावा लागतो.

रामन यांच्या उत्तरायुष्याचा हिशेब इतका निर्मळ नाही. 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे ते पहिले हिंदी संचालक झाले. युरोपातून परागंदा होणाऱ्या शास्त्रज्ञांना येथे आणण्याचा त्यांचा विचार दूरदर्शी होता. माक्स बोर्न 1935-36 मध्ये काही महिने येऊन राहिलेही. पण स्वभाव ताठर, कारभार एकहाती, सहकाऱ्यांशी खटके. 1937 मध्ये संचालकपद सोडावे लागले. त्याच संस्थेत 1933 साली मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, प्रवेशासाठी आल्या तेव्हा केवळ स्त्री म्हणून रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर उमेदवारीच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. त्यांनी काम करून दाखवले आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडले. 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. ज्या माणसाने चामड्याच्या नऊ कंपनांपैकी एकही ऐकायचे सोडले नाही त्याला समोर उभ्या असलेल्या गुणवत्तेचा सूर पहिल्या वेळी ऐकू आला नाही. ही नोंद चरित्रातून वगळण्याचे कारण नाही. पुढे ॲना मणी यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत हिऱ्यांवर काम केले आणि नंतर त्या हवामान खात्यात पुण्याला गेल्या. पुण्याच्या शेतकी हवामानशास्त्राचा पाया घालणारे एल. ए. रामदास हेही रामन यांचेच विद्यार्थी होत.

पैशाबाबत त्यांची मते टोकाची होती. स्वतःच्या नावाची संशोधन संस्था त्यांनी 1948-49 मध्ये बंगळुरात उभारली ती देणग्यांवर आणि स्वतःच्या कमाईवर. सरकारी अनुदान त्यांनी दूर ठेवले, कारण अनुदानामागून अहवाल येतात आणि अहवालामागून तपासनीस येतात, हे एके काळच्या तपासनिसास ठाऊक होते. त्रावणकोरमध्ये 1943 साली सुरू झालेल्या एका रासायनिक कारखान्यात त्यांनी भागीदारी केली. तेथे काड्यापेटी उद्योगास लागणारे पोटॅशियम क्लोरेट बनत असे. हा मार्ग सर्वांना शक्य नाही, आणि नोबेल पारितोषिक नसलेल्याला तर मुळीच नाही. खासगी औदार्यावर देशाचे विज्ञान चालेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु तपासनिसाच्या भीतीने सुरक्षित विषयच निवडणारे संशोधन वांझ राहते, हे त्यांचे निदान चुकीचे ठरलेले नाही.

नागपूरचा धागा पुढेही तुटला नाही. रामन यांचे तीन भाचे, रामशेषन, चंद्रशेखर आणि पंचरत्नम, नागपूर विद्यापीठात शिकले आणि मामाच्या परंपरेत प्रकाश व स्फटिकशास्त्रात मोठे झाले. चंद्रशेखर 1951 मध्ये तेथे एम. एस्‌सी. होऊन बंगळूरला गेले आणि द्रव स्फटिकांवरील त्यांच्या कामाने जगभर मान्यता मिळवली. पंचरत्नम यांनी 1956 मध्ये प्रकाशाच्या कलेसंबंधी मांडलेला सिद्धांत पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. 1969 मध्ये ऑक्सफर्डला ते अकाली वारले.

21 नोव्हेंबर 1970 रोजी रामन यांचे निधन झाले. संस्थेच्या आवारातच त्यांना अग्नी देण्यात आला. तेथे दगडी स्मारक नाही, एक झाड आहे. जन्मशताब्दीच्या वर्षी, 1988 मध्ये, त्यांचे शास्त्रीय लेखन सहा खंडांत प्रसिद्ध झाले. संपादन नागपूरला शिकलेल्या रामशेषन यांनी केले. पहिला खंड प्रकाशाच्या विकिरणाचा आहे. त्यानंतरचा लगेचचा, दुसरा, नादशास्त्राचा.